गावातला फोन एकाचा नसते: त्याची, आधारची अन् अंगठ्याची राखण कशी करायची

ऑनलाइन प्रायव्हसीवर जेवढे सल्ले फिरून रायले ना, ते सगळे एक माणूस अन् एक फोन असा हिशोब धरून लिहिलेले असतात. पासवर्ड कोणाला सांगू नका, फोन कोणाच्या हाती देऊ नका, ओटीपी घरच्यालाबी दाखवू नका. आता मला सांगा, आमच्या दर्यापूरकडं कोण्या घरात हे जमते? सकाळी फोन बाबांच्या खिशात, तुरीचा भाव पाहायला, दुपारी तोच आईजवळ, लाडक्या बहिणीचे पैसे पडले का म्हणून, संध्याकाळी पोट्ट्यांच्या हाती, अन् वहिनीच्या खात्याचा ओटीपी दिराच्या नंबरवर येते कारण खातं काढलं तेव्हा घरात तोच एक नंबर होता. असा सल्ला इथं चालतच नाही, मंग लोक वैतागून सगळाच सोडून देतात. म्हणून हे जे खाली लिहिलं ते फोन चार-पाच जणांचा आहे हे आधीच कबूल करून लिहिलं आहे. घरात ज्याला फोनमधलं थोडंफार समजते त्यानं एक रिकामी दुपार काढावी अन् करून टाकावं.

त्याआधी एक गोष्ट. काकाजी लोक म्हणतात, "आपल्याजवळ लपवाले हाय काय बाप्पा?" खरंच आहे, कोणाचा कापूस कितीला गेला अन् कोणाच्या पोरीला पाहुणे पाहून गेले हे गावात सगळ्यांना माहीत असते. पण गावातला माणूस माहीत झालेल्या गोष्टीवर फार तं पारावर दोन घटका बोलते, तुमचं खातं खाली करत नाही. ज्याला तुमी जन्मात पाहिलं नाही त्याच्याजवळ तुमचा आधार नंबर, जन्मतारीख अन् अंगठ्याचा ठसा असणं हे वेगळं प्रकरण आहे. अन् प्रायव्हसी म्हणजे शहरातल्या लोकाचं फॅड असंबी नाही, २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी तो मूलभूत हक्क आहे असा निकाल दिला, अन् निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामींची ती केस उभी झाली होती आधारवरूनच. म्हणजे रेशनच्या रांगेतल्या माणसाचाच तो विषय आहे.

तं सुरुवात फोनपासून करू नका, वहीपासून करा. पोराच्या शाळेची अर्धी उरलेली वही घ्या अन् घरातल्या प्रत्येकाच्या नावापुढं लिहा: आधारला कोणता मोबाइल नंबर जोडला, बँकेला कोणता जोडला, अन् ते सिम सध्या कोणाच्या फोनमध्ये आहे. हे लिहायला बसलं की खरी गंमत समजते. आजीच्या खात्याला नंबर निघते पुण्याला कामाला गेलेल्या नातवाचा, मामाजीच्या आधारला असते जुन्या सिमचा नंबर जे रिचार्ज न मारल्यानं केव्हाच बंद पडलं. बंद पडलेला नंबर कंपनी कायमचा कुलूप लावून ठेवत नाही, ९० दिवसांनंतर तो दुसऱ्या गिऱ्हाइकाला देता येते. मंग तुमच्या बँकेचे मेसेज अन् ओटीपी कोण्या अनोळखी माणसाच्या फोनवर जाणार, अन् तुमच्या खात्यातून पैसे निघाले तरी तुमाला कळणार पासबुक छापल्यावरच. म्हणून पहिलं काम हे, जे नंबर बंद आहेत ते आधार केंद्रात अन् बँकेत जाऊन बदलून घ्या, अन् बदलताना घरात जे सिम नक्की चालू राहते तेच द्या. सेतूवाल्याचा किंवा बँक मित्राचा नंबर "सध्या टाकून देतो" असं कोणी म्हटलं तं नाही म्हणा. तो माणूस चांगला असला तरी नाहीच म्हणा, कारण त्याचाबी नंबर एक दिवस बदलते.

वही हातात आहेच तं लगे हात सरकारच्या संचार साथीची साइट किंवा ॲप उघडा. तिथं आपला नंबर अन् ओटीपी टाकला की आपल्या नावावर किती सिम चालू आहेत ते दिसते. आपल्याकडं एका माणसाच्या नावावर जास्तीत जास्त नऊ सिम चालतात, अन् तिथं ओळखीचा नसलेला नंबर दिसला तं त्याच पानावर "हा माझा नाही" असं कळवता येते. सिम घेताना आधार अन् अंगठा दिला, "लागला नाही, परत लावा" असं झालं, अन् त्यात आपल्या नावावर दुसरंच सिम निघून गेलं हे प्रकार होतात, म्हणून पाहूनच घ्या. फोन हरवला तं त्याच साइटवर ब्लॉकबी करता येते, त्यासाठी आयएमईआय नंबर, म्हणजे फोनचा स्वतःचा ओळख नंबर, लागते. तो *#०६# दाबल्यावर दिसते, वहीत तोबी लिहून ठेवा. फोन चोरी गेल्यावर हा नंबर शोधत बसणं म्हणजे डबा कचऱ्यात गेल्यावर बिल शोधणं.

आता फोन हातात घ्या. आजकाल फार नुकसान ज्यानं होऊन रायलं ते म्हणजे व्हॉट्सॲपवर येणारी एपीके फाइल, म्हणजे दाबली की फोनमध्ये ॲप टाकणारी फाइल. कशी येते पाहा. लग्नसराईत ग्रुपवर फाइल पडते, नाव असते "लग्नपत्रिका", पाठवणारा असते आपलाच साळभाऊ. दाबलं की फोन विचारते, ह्या ठिकाणाहून ॲप इन्स्टॉल करू द्यायचं का. आपण म्हणतो द्या. मंग ते ॲप मेसेज वाचायची परवानगी मागते, आपण तेबी देतो, अन् पत्रिका काही उघडतच नाही. माणूस म्हणते फाइल खराब असन, अन् कामाला लागते. तिकडं ते ॲप आयकॉन लपवून आत बसलेलं असते, येणारा प्रत्येक ओटीपी वाचून दुसरीकडं पाठवते, अन् आपल्याच व्हॉट्सॲपवरून तीच पत्रिका आपल्या सगळ्या सोयऱ्याधायऱ्यांना जाते. साळभाऊनं काही मुद्दाम पाठवली नव्हती. पीएम किसानच्या नावानं, गाडीच्या चलानच्या नावानं, बँक केवायसीच्या नावानं हाच धंदा चालते.

ह्याला तोड तीन जागी आहे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज अँड डेटा म्हणून आहे, तिथं मीडिया ऑटो डाउनलोड सगळं बंद करा, डेटाबी वाचते. मंग फोनच्या सेटिंगमध्ये वर शोधायच्या खिडकीत "अननोन ॲप" असं टाका, जी यादी येईल तिच्यात व्हॉट्सॲप, क्रोम, फाइल मॅनेजर, सगळ्यांसमोर परवानगी बंद करा. तिसरं, प्ले स्टोअरमध्ये आपल्या फोटोवर दाबून प्ले प्रोटेक्ट, म्हणजे खराब ॲप पकडणारी तपासणी, चालू आहे का पाहा. अन् घरच्यांना एकच वाक्य शिकवा, पत्रिका फोटोत येते नाही तं पीडीएफमध्ये, पत्रिकेला काहीच इन्स्टॉल करावं लागत नाही. बाकीचं लेक्चर देऊ नका, कोणी ऐकत नाही.

फोन हातोहात फिरते त्याचं काय करायचं? लहान पोट्ट्याला कार्टून पाहायला द्यायचा असन तं ॲप पिनिंग वापरा, सेटिंगच्या सिक्युरिटीत असते, कंपनीप्रमाणं नाव थोडं बदलते, पिनिंग असं शोधलं की सापडते. यूट्यूब पिन केलं की पोरगं तिथून बाहेर निघू शकत नाही, बाहेर यायला फोनचा पिन लागते. मोठ्या लोकासाठी मात्र फोनचं कुलूप अन् यूपीआयचा पिन हे दोन वेगळे ठेवा, हे फार लोक करत नाहीत. फोन उघडायचा आकडा घरात सगळ्यांना माहीत असला तरी चालते, पैशाचा आकडा फक्त ज्याचं खातं त्यालाच.

अन् इथं एक नवीन भानगड आहे जी एकट्याच्या फोनवाल्याच्या ध्यानातच येत नाही. ऑक्टोबर २०२५ पासून यूपीआयमध्ये पिनऐवजी बोट किंवा चेहरा दाखवून पैसे पाठवायची सोय आली. सोय मस्त आहे, पण ती फोनमध्ये जे बोट नोंदवलं आहे ते ओळखते, अन् आपल्या फोनमध्ये तं बाबांचं, भावाचं, पोराचं, सगळ्यांची बोटं नोंदवलेली असतात! म्हणून ज्या फोनला चार जणांची बोटं आहेत त्याच्यावर ही सोय चालू करूच नका. ॲप विचारते तेव्हा पिनच ठेवा म्हणून सांगा.

दुसऱ्याला पैसे वापरू द्यायचेच असतील, जसं पोरगं अमरावतीला शिकायला आहे किंवा आईला किराण्याचे पैसे द्यायचे आहेत, तं पिन सांगण्यापेक्षा यूपीआय सर्कल पाहा. २०२४ मध्ये आलेली सोय आहे, आपल्या खात्यावरून दुसऱ्याला त्याच्या फोनमधून पैसे देता येतात, एका वेळी ५,००० अन् महिन्याला १५,००० च्या आत आपण मर्यादा लावायची. नाही तं असं ठेवायचं की त्यानं पैसे द्यायला काढले की आपल्या फोनवर विचारणा येते अन् आपण पिन टाकला तेव्हाच जातात. पोराला रागवायचीबी वेळ येत नाही, तो कुठं खर्च करून रायला ते दिसतेच. हे मला तरी पासवर्ड लपवण्याच्या सल्ल्यापेक्षा कितीतरी कामाचं वाटते.

अंगठ्याचं थोडं निवांत सांगतो, कारण गावात तोच धोका मोठा आहे. आधारवरून पैसे काढायची जी मशीन बँक मित्राजवळ असते, तिला ना एटीएम कार्ड लागते ना ओटीपी. आधार नंबर, बँकेचं नाव अन् अंगठा, झालं. बँक दूर असलेल्या गावाला ही फार चांगली गोष्ट आहे, म्हातारी माणसं तालुक्याला जायची वाचली, मी तिला नावं ठेवणार नाही. पण आपला आधार नंबर झेरॉक्सवर शंभर ठिकाणी पडलेला असते, अन् ठसा खरेदीखतावर असते. दुसऱ्या राज्यांत अशा कागदावरच्या ठशांवरून सिलिकॉनचे नकली अंगठे बनवून लोकाचे पैसे काढल्याच्या केसेस झाल्या, त्यानंतर २०२३ मध्ये आधारवाल्यांनी अंगठा जिवंत आहे का हे ओळखणारी जास्तीची तपासणी आणली.

त्यापेक्षा साधा प्रकार जास्त होते. मशीनवाला म्हणते, "मावशी, अंगठा लागला नाही, पुसा अन् परत लावा." कापूस वेचून, फवारे मारून अंगठे घासलेलेच असतात, त्यामुळं खरंच लागत नाहीबी. पण पहिल्यांदा लागलेला असला तं पैसे दोनदा निघाले, हातात एकदाच आले. म्हणून सवय लावा, प्रत्येक अंगठ्यामागं पावती मागायची, न लागलेल्या अंगठ्याचीबी. फेल झालं तरी पावती निघते, तिच्यावर तसं लिहून येते. अन् बँकेचा मेसेज येईपर्यंत दुसरा अंगठा लावायचा नाही. मशीनवाला कुरकुर करन, करू द्या.

पक्का इलाज म्हणजे बायोमेट्रिक लॉक. माय आधारच्या सरकारी साइटवर आधार नंबर अन् ओटीपी टाकून आत गेलं की लॉकचा पर्याय दिसते, लावला की अंगठा, डोळा, चेहरा काहीच चालत नाही, फुकट आहे. पण इथं शहरातले सल्ले सांगत नाहीत अशी अडचण आहे. लॉक लावला अन् विसरला तं रेशनच्या मशीनवर अंगठा फेल, केवायसी फेल, पेन्शनवाल्याचा हयातीचा दाखला फेल, अन् म्हातारी माणसं उन्हात रांगेत उभी. तात्पुरतं उघडता येते, दहा मिनिटांसाठी, पण त्यालाबी ओटीपी लागते अन् ओटीपीचा फोन शेतात गेलेला असते. म्हणून सगळ्या घराला लॉक लावू नका. रेशन कार्डावरच्या कोण्याही एकाच्या अंगठ्यावर धान्य मिळते, तं घरातला एक जण रेशनचा ठरवा, त्याचा अंगठा उघडा ठेवा अन् त्याच्या खात्यात मोठी रक्कम ठेवू नका. ज्याच्या खात्यात तुरीचे नाही तं सोयाबीनचे पैसे येतात त्याला मात्र लॉक लावाच. बऱ्याच बँका अर्ज दिला की खात्यावरून आधारनं पैसे काढणंच बंद करून देतात, शाखेत विचारा, काउंटरवरचा म्हटला की असं काही नसते, तं मॅनेजरला विचारा. पीएम किसानच्या केवायसीला अंगठा त्रास देत असन तं त्यांच्या ॲपमध्ये २०२३ पासून चेहऱ्यावरून करायची सोय आहे, मात्र लॉक लावलेला असन तं आधी तो उघडावा लागन.

झेरॉक्सचं. योजनेच्या सीझनमध्ये सेतूवर जा, टेबलावर आधार कार्डांचा गठ्ठा पडलेला असते, खराब निघालेल्या झेरॉक्स खाली टोपल्यात, अन् अर्धे लोक आपले कागद व्हॉट्सॲपवर त्याला पाठवून रायले. त्याच्या कॉम्प्युटरच्या डाउनलोडमध्ये अख्ख्या गावाचं आधार, पासबुक अन् सातबारा जमा होते, अन् तो कॉम्प्युटर कोणीबी वापरते. तुमी एवढं करा: खराब निघालेली झेरॉक्स परत मागा, चांगल्या झेरॉक्सवर तारीख अन् कशासाठी दिली ते आडवं पेनानं लिहा, अन् फाइल पाठवली असन तं काम झाल्यावर समोर डिलीट करायला लावा, डेस्कटॉपवरच्या डस्टबिनमधूनसुद्धा. मास्क्ड आधार नावाचा प्रकार आहे, माय आधारवरूनच निघते, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले अन् फक्त शेवटचे चार दिसतात. लॉजवर, कुरियरला, फायनान्सच्या दुकानात असं कुठंबी तेच द्या. सरकारी अर्जाला काही ठिकाणी पूर्ण नंबर लागते, तिथं वाद घालून फायदा नाही. डाउनलोड केलेल्या आधार पीडीएफचा पासवर्ड म्हणजे इंग्रजी नावाची पहिली चार मोठी अक्षरं अन् जन्माचं साल, म्हणजे ज्याला तुमचं नाव अन् वय माहीत त्याच्यासाठी तो पासवर्ड नाहीच, तं ती पीडीएफ ग्रुपवर टाकू नका.

"फोन आपलं बोलणं ऐकते" ह्यावर पारावर फार वाद होतात. मला वाटते बहुतेक वेळा तसं नसते, फोन एकच अन् त्यावर शोधणारे पाच, मंग बाबांना साड्यांच्या जाहिराती दिसल्या की त्यांना वाटते फोननं सूनबाईचं बोलणं ऐकलं. तिनं साड्या शोधल्या होत्या, बस. तरी शंका असन तं अँड्रॉइड १२ अन् त्याच्या पुढच्या फोनमध्ये माइक किंवा कॅमेरा चालू असला की वर कोपऱ्यात हिरवा ठिपका येते, ठिपका दिसला की वरून खाली ओढून कोणतं ॲप आहे ते पाहा.

पेरणीच्या तोंडावर "पाच मिनिटांत कर्ज" वाले ॲप घेऊ नका, घेतलंच अन् त्यानं कॉन्टॅक्ट किंवा फोटो मागितले तं तिथंच काढून टाका. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्येच कर्जाच्या ॲपला कॉन्टॅक्ट, कॉल अन् फाइल पाहायची मनाई केली आहे, जो मागते तो नियम मोडूनच मागते. मंग वसुलीला तुमच्या सासुरवाडीत फोन जातात.

कॉलवाल्यांचं थोडक्यात. पोलिस, सीबीआय किंवा कोर्ट व्हिडिओ कॉलवर कोणाला अटक करत नाही, डिजिटल अरेस्ट नावाची गोष्ट कोण्या कायद्यात नाही. पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. दहा आकडी मोबाइल नंबरवरून आलेला बँकेचा मेसेज बँकेचा नसते, खऱ्या मेसेजला नंबर नसते, अक्षरं असतात, अन् २०२५ पासून सरकारी मेसेजच्या नावाच्या शेवटी इंग्रजी जी (G) हे अक्षर येते. योजनेची साइट असली तं पत्त्याचा शेवट गव्ह डॉट इन आहे का पाहा, मधात कुठं गव्ह लिहिलेलं असून भागत नाही. अन् अनोळखी कॉलवाल्यानं स्टार नं सुरू होणारा नंबर डायल करा म्हटलं तं करू नका, तसं केलं की तुमचे कॉल त्याच्याकडं वळू शकतात. केलाच असन तं ##००२# डायल करा, सगळं वळवणं रद्द होते.

एवढं करूनबी पैसे गेले तं रडत बसू नका अन् घरात कोणाला शिव्या घालू नका, शिव्यांच्या भीतीनं माणसं दोन-दोन दिवस सांगत नाहीत अन् तेवढ्यात पैसे दहा खात्यांतून फिरून जातात. एपीकेमुळं गेले असतील तं तो फोन आधी फ्लाइट मोडवर टाका, म्हणजे पुढचे ओटीपी जाणं थांबते. मंग दुसऱ्याच्या फोनवरून १९३० लावा, तो सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा सरकारी नंबर आहे. लाइन लागली नाही तं लावत राहा, तोवर दुसरा कोणी सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार भरू शकते. खाते नंबर, वेळ, रक्कम अन् यूपीआयचा बारा आकडी व्यवहार नंबर हाताशी ठेवा. तक्रारीचा नंबर मिळते, तो वहीत. त्याच दिवशी बँकेत लेखी अर्ज द्या अन् दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या, हे फार महत्त्वाचं. रिझर्व्ह बँकेचा जुलै २०१७ चा नियम आहे, तुमची अन् बँकेची दोघांचीबी चूक नसताना पैसे गेले अन् बँकेचा मेसेज आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं तं तुमच्यावर बोजा येत नाही. ओटीपी किंवा पिन तुमीच सांगितला असन तं कळवेपर्यंत जेवढे गेले ते तुमचे, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणून शिक्क्यावर तारखेसोबत वेळबी लिहून घ्या.

फोन दुकानात नेऊन फॅक्टरी रिसेट मारायची घाई करू नका, आधी स्क्रीनशॉट अन् ती फाइल कोणाकडून आली ते पोलिसांना दाखवा, मंग रिसेट. अन् काही दिवसांनी फोन येईल, "तुमचे गेलेले पैसे परत मिळवून देतो, फक्त प्रोसेसिंग फी भरा." ज्यांनी पहिले पैसे नेले त्यांच्याचजवळ बरेचदा तुमचा नंबर अन् किती गेले ते असते. तो नंबर ब्लॉक करून १९३० लाच सांगा.